यादीबाहेरची मुले

भाचीने तो ॲप्रन धुऊन, इस्त्री करून, नीट घडी घालून एका कागदी पिशवीत ठेवला होता. सोबत गळ्यात अडकवायचे ओळखपत्र होते आणि त्याची निळी फीतही तिने साबणाच्या पाण्यातून काढली होती. २०२० च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीची थंड दुपार होती. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या आमच्या विद्यापीठाच्या गावात, स्टेडियमच्या एका बाजूच्या दाराशी आम्ही दोघी तोंडाला मास्क लावून उभ्या होतो. तिला आलेल्या पत्रात लिहिले होते की या हंगामात विद्यार्थी स्वयंसेवकांची गरज भासणार नाही, आजवर केलेल्या कामाबद्दल मनःपूर्वक आभार, आणि दिलेले साहित्य दारापाशी ठेवलेल्या खोक्यात टाकावे, आत येऊ नये. खोके होते, त्यावर चिकटवलेली सूचना होती, माणूस मात्र कोणी नव्हते. तिने पिशवी खोक्यात ठेवली, दोन पावले मागे आली, मग पुन्हा पुढे जाऊन ॲप्रन बाहेर काढला, त्याची विस्कटलेली घडी सरळ केली आणि तो परत ठेवला. गाडीत बसल्यावर म्हणाली, “मावशी, कुणाच्या तरी हातात द्यायला मिळाला असता तर बरे झाले असते.”

त्या वर्षी मन खाणाऱ्या गोष्टींना तोटा नव्हता. नाशिकहून येणारा प्रत्येक फोन उचलताना छातीत धस्स होत असे, ओळखीच्या घरांतून माणसे जात होती आणि आम्हाला विमानाने चोवीस तासांच्या अंतरावर बसून नुसते ऐकून घ्यावे लागत होते. त्या सगळ्यापुढे एका ॲप्रनची कथा ती काय, असे मी स्वतःला अनेकदा समजावले. तरीही तिचे ते वाक्य गेले नाही. मोठ्या दुःखांना निदान नाव असते, चार माणसे भेटायला येतात, फोन करतात. या मुलांचे जे गेले त्याची नोंद कुठेच झाली नाही, कारण त्यांना कामाचे पैसे मिळत नव्हते, त्यांचे नाव कुठल्या हजेरीपटावर नव्हते, आणि जे काम कधी नोकरी नव्हते त्यावरून कमी केल्याचे दुःख कोणाला सांगावे हेही त्यांना ठाऊक नव्हते.

तिचे काम काय होते ते मी आदल्या वर्षीच्या हंगामात डोळ्यांनी पाहिले होते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये खाण्यापिण्याचे काही स्टॉल विद्यार्थ्यांच्या मंडळांना किंवा गावातल्या सेवाभावी संस्थांना चालवायला देतात. मुले फुकट राबतात आणि विक्रीतला ठरलेला वाटा त्यांच्या मंडळाच्या खात्यात जमा होतो. भाचीचा गट भारतीय नृत्याचा होता. स्पर्धांना जायचे बसभाडे, घागऱ्यांचे कापड, सरावाच्या खोलीचे पैसे हे सारे शरद ऋतूतल्या त्या शनिवारांवर उभे राहत असे. अमेरिकन फुटबॉलचा सामना दुपारी बाराचा असला तर पोरी सकाळी सातला दारात हजर असत. स्टॉलच्या आत पोलादी रुळांवर हॉट डॉग संथपणे फिरत असत, चीजच्या भांड्याला दट्ट्याचा पंप असे आणि तो दाबताना निघणारा आवाज ऐकून या मुली पहिल्या दिवशी हसून हसून बेजार झाल्या होत्या. घरी अंडेही न खाणारी एक मुलगी हातमोजे चढवून बनमध्ये सॉसेज भरत होती, कारण त्या रांगेत सर्वांत भराभर हात तिचाच चालत होता. बाहेरून गार वारा, आतून वाफ, खाली फरशीवर सांडलेल्या कोकोची चिकट गोडी, आणि मध्येच एकदम अख्खे स्टेडियम थरथरवणारी आरोळी. आत काय घडले ते या मुलींना दिसत नसे. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर काही क्षणांनी चित्र यायचे, तोवर त्या आरोळीच्या पोतावरूनच ओळखत की गुण आपला की समोरच्यांचा.

असे किती हात एका शनिवारी लागतात याची कल्पना टीव्हीवर सामना पाहणाऱ्याला येत नाही. कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे राहून कुठला पेला कुठे टाकायचा हे शंभर वेळा न कंटाळता सांगणारी मुले असतात. व्हीलचेअरवरच्या आजोबांना लिफ्टपर्यंत सोडणारी असतात. बास्केटबॉलच्या कोर्टवर घामाचा थेंब पडला की गुडघे टेकून पुसणारी, बाटल्या भरणारी, टॉवेल धुणारी, सरावाचे चित्रीकरण करणारी विद्यार्थी मॅनेजर मंडळी असतात. या मॅनेजरांची तर एक स्वतंत्र सुंदर रीत आहे. सामन्याच्या आदल्या रात्री दोन्ही संघांचे मॅनेजर रिकाम्या कोर्टवर आपापसांत सामना खेळतात, आणि त्या निकालांचाही कुठेतरी हौसेने हिशेब ठेवला जातो. शिवाय बँड आहे. विस्कॉन्सिनला मॅडिसनमध्ये सामना संपल्यावर बँड मैदानात उतरून वाजवत राहतो, त्याला तिथे ‘पाचवा क्वार्टर’ म्हणतात आणि निकाल काहीही लागला तरी हजारो लोक त्यासाठी जागा सोडत नाहीत. खेळाडू चार क्वार्टर खेळतात, पाचवा या मुलांचा असतो. त्यातल्या कोणी पगारासाठी ट्रॉम्बोन उचललेला नसतो.

मला हे सारे चटकन कळले, कारण मी स्वतः त्याच जातीच्या कामातून वाढले आहे. नाशिकच्या आमच्या कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन खो-खोचे सामने असत तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना जिमखान्याचे सर पहाटे बोलावत. दोरी ताणून धरायची आणि तिच्या कडेने फक्की ओढत जायचे. पाटीच्या रेषा, चौरस, खुंटांपुढचा मोकळा भाग, सगळे सरळ आले पाहिजे. फक्की नाकातोंडात जाई, हाताची कातडी ओढल्यासारखी कोरडी पडे, आणि दुपारी डबा खाताना बोटांना तोच वास येई. झारीने माती भिजवायची, लिंबूसरबताच्या पिंपात बर्फाची लादी फोडून टाकायची, गुणलेखकाच्या टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून दगड शोधून आणायचा. छातीवर टाचणीने लावलेली केशरी फीत आणि तिच्यावर शाईच्या शिक्क्याने उमटवलेले ‘स्वयंसेवक’ हे आमचे मानचिन्ह. मला धावता येत नव्हते, सूर मारता येत नव्हता, मैदानावर माझे कौशल्य शून्य होते. पण मी आखलेल्या रेषेवरून पंच निर्णय देत होते, आणि त्या दिवसापुरते मैदान माझेही होते. ज्याला खेळता येत नाही त्याला खेळाच्या आत घेणारा एवढा एकच दरवाजा असतो. तो बंद झाल्यावर मागे फक्त प्रेक्षक उरतो.

आणि २०२० मध्ये तर प्रेक्षकही उरला नाही.

माणसे मैदानातून कोणत्या क्रमाने बाहेर काढली गेली ते आठवून पाहिले की बरेच काही समजते. ६ मार्च २०२० ला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तिसऱ्या श्रेणीच्या बास्केटबॉल स्पर्धेचे सामने प्रेक्षकांशिवाय झाले. मेरीलँड राज्यात नुकतेच पहिले तीन रुग्ण सापडले होते. तेव्हा ती बातमी आम्ही कुतूहलाने वाचली होती, रिकाम्या खुर्च्यांची छायाचित्रे पाहून विचित्र वाटले होते, एवढेच. ११ मार्चला एनसीएएने, म्हणजे महाविद्यालयीन खेळांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने, जाहीर केले की बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा होईल, पण अत्यावश्यक कर्मचारी आणि मोजके कुटुंबीय यांच्याच उपस्थितीत. दुसऱ्याच दिवशी इंडियानापोलिसमध्ये मिशिगन आणि रटगर्सचे खेळाडू कोर्टवर सरावाचे चेंडू टाकत असताना त्यांना परत आत बोलावले गेले. न्यूयॉर्कमध्ये क्रेटन आणि सेंट जॉन्स यांचा सामना मध्यंतरालाच थांबला तो थांबलाच, आणि संध्याकाळपर्यंत राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाली. म्हणजे आधी बघे गेले, मग वाजवणारे आणि वाढणारे गेले, आणि सर्वांत शेवटी खेळणारे गेले. परत येताना क्रम उलटा लागला. खेळणारे आधी आले, आणि वाजवणाऱ्या-वाढणाऱ्यांना वर्षभर दाराबाहेर थांबावे लागले.

बिग टेन या मुख्यतः मिडवेस्टमधल्या विद्यापीठांच्या क्रीडा-परिषदेने ११ ऑगस्टला शरद ऋतूतले खेळ पुढे ढकलले होते आणि १६ सप्टेंबरला फुटबॉलपुरता तो निर्णय फिरवला. मधल्या महिन्याभरात बराच दबाव आला, दूरचित्रवाणीच्या करारांचे मोठे पैसे अडकले होते, आणि कित्येक खेळाडूंनाही मनापासून खेळायचे होते. तोडगा चाचण्यांचा निघाला. खेळाडूंची, प्रशिक्षकांची आणि मैदानावर असणाऱ्या इतरांची रोज अँटिजेन चाचणी करायची, बाधा निश्चित झालेल्या खेळाडूने किमान २१ दिवस सामना खेळायचा नाही, संघातले बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर गेले की सराव आणि सामने किमान सात दिवस बंद ठेवायचे. तिकिटे विकायची नाहीत, घरच्या मोजक्या लोकांनाच आत घ्यायचे. बास्केटबॉलसाठी एनसीएएने माणसांच्या तीन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीवर खेळाडू, प्रशिक्षक, वैद्यकीय माणसे, सामान सांभाळणारे आणि पंच, ज्यांची आठवड्यातून तीनदा चाचणी व्हायची. दुसरीवर थोडे अंतर ठेवून काम करू शकणारे, तिसरीवर साफसफाई, वाहतूक, प्रसारण असली कामे करणारे. प्रत्येक पायरीवरच्या माणसाने इतर पायऱ्यांवरच्या माणसांपासून किती लांब राहायचे तेही ठरलेले होते.

ही रचना चुकीची होती असे मला वाटत नाही, आणि हे मी भाचीलाही तेव्हाच सांगितले होते. विषाणू हवेतून पसरतो, बंद जागेत ओरडल्याने, गाण्याने, फुंकून वाजवण्याने अधिक पसरतो, आणि स्टॉलच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात मुली वाफेत उभ्या राहणे हे त्या दिवसांत खरोखर धोक्याचे होते. कोलोरॅडो आणि मेरीलँडच्या विद्यापीठांत त्याच काळात वाद्यांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म थेंबांवर संशोधन झाले. वाद्यांच्या तोंडांना शिवलेल्या कापडी टोप्या आणि ओठांपाशी फट ठेवलेले मास्क हे त्यातूनच रूढ झाले. ती टोपी घातलेल्या तुतारीचा दबका आवाज मी ऐकला आहे. जीव वाचवण्यासाठी संगीताने केलेली ती तडजोड मला अतिशय आदरणीय वाटली. लस नव्हती, अमेरिकेतल्या मृतांचा आकडा सप्टेंबरातच दोन लाखांच्या पुढे गेला होता. गर्दी कमी करायची तर कोणाला तरी घरी बसावे लागणार होते, हे मान्यच आहे.

तरीही आमच्यापासून फार लांब नसलेल्या, मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर गावात त्या ऑक्टोबरात जे झाले ते वाचल्यापासून माझ्या मनात एक गाठ बसली. तिथल्या वॉशटनॉ काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, रुग्णांपैकी ६० टक्क्यांहून अधिक मिशिगन विद्यापीठाचे विद्यार्थी निघाले, तेव्हा काउंटीच्या आरोग्य विभागाने २० ऑक्टोबरपासून ३ नोव्हेंबरपर्यंत तिथल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांना राहत्या जागी थांबण्याचा आदेश दिला. वर्गासाठी, जेवण आणण्यासाठी, औषधोपचारासाठी, मतदानासाठी बाहेर पडायला मुभा होती. विद्यापीठाच्या संघांच्या खेळांनाही, चाचण्या आणि देखरेख चालू ठेवण्याच्या अटीवर, मुभा होती. ३१ ऑक्टोबरचा शनिवार त्या मुदतीच्या आत पडला. त्या दिवशी मिशिगनच्या स्टेडियममध्ये मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्धचा सामना झाला आणि पाहुण्यांनी तो २७–२४ असा जिंकला. या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे आणि १९७५ पासून तिथला प्रत्येक फुटबॉल सामना एक लाखाहून अधिक माणसांनी पाहिला होता. ती अखंड मालिका त्या दिवशी तुटली. एकाच वयाची, एकाच वसतिगृहात राहू शकणारी, एकाच शिक्षकाच्या तासाला बसणारी दोन मुले घ्या. एकाला सांगितले की खोलीतून बाहेर पडू नकोस, तुझ्यामुळे गावाला धोका आहे. दुसऱ्याला सांगितले की बाहेर पड आणि समोरच्याच्या अंगावर जाऊन आदळ, तुझ्यावाचून चालणार नाही.

या दोघांपैकी पगार कोणालाच नव्हता, आणि माझी गाठ नेमकी तिथे आहे. अमेरिकेतला महाविद्यालयीन खेळ तेव्हा हौशी खेळ म्हणूनच चालवला जात होता. खेळाडूला शिष्यवृत्ती, राहणे आणि जेवण मिळे, पण जो पैसा त्याच्या अंगावर उभा राहत होता त्यातला वाटा मिळत नव्हता. खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवर मर्यादा घालणारे एनसीएएचे नियम सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळले ते २१ जून २०२१ ला, आणि स्वतःच्या नावावर व छबीवर पैसे मिळवायची मोकळीक खेळाडूंना मिळाली ती १ जुलै २०२१ पासून. म्हणजे २०२० च्या त्या शरद ऋतूत खेळाडू आणि स्वयंसेवक दोघेही फुकटच राबणारे होते. त्यातल्या एकाच्या फुकट श्रमावर करारांचे पैसे अवलंबून होते म्हणून त्याला रोज चाचणी करून मैदानात उतरवले. दुसऱ्याच्या फुकट श्रमावर काहीच अवलंबून नव्हते, म्हणून त्याला एका पत्राने मोकळे केले. धोका मोजण्याची फूटपट्टी दोघांना एक नव्हती. आधी उपयोग मोजला गेला, मग त्या मानाने धोका सोसायचे ठरले, आणि वर दोघांनाही सांगितले गेले की हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.

याच देशात दुसरी वाटही दिसली. आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या जुन्या, आठ विद्यापीठांनी ८ जुलैला शरद ऋतूतले सामने रद्द केले, नोव्हेंबरात हिवाळ्यातले रद्द केले, आणि २०२०–२१ च्या वर्षात तिथे परिषदेच्या कुठल्याच स्पर्धा झाल्या नाहीत. बाकीच्या विद्यार्थ्यांना लागू असलेल्या नियमांशी सुसंगत राहूनच खेळ व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. हे वाचून मला बरे वाटले आणि लगेच त्या बरे वाटण्याचा संशयही आला. त्या विद्यापीठांच्या तिजोऱ्या भरलेल्या आहेत, फुटबॉलच्या शनिवारवाचून त्यांचे काही अडत नाही. शिवाय तिथल्या चौथ्या वर्षाच्या नौकानयनपटूला विचारले तर समान न्यायाने त्याचे शेवटचे वर्ष परत मिळाले नाही, असेच तो म्हणेल. सगळ्यांना सारखे बाहेर ठेवणे आणि काहींनाच आत घेणे यांत कोणते अधिक माणुसकीचे होते याचे उत्तर मला आजही ठामपणे देता येत नाही. एवढे नक्की वाटते की पहिल्या वाटेवर कोणाला आपण बिनगरजेचे आहोत असे वाटले नसेल.

त्या हंगामातले बरेच सामने भाचीने आमच्या घरी पाहिले. तिचे वर्ग ऑनलाइन होते, तिची खोली लहान होती, आणि तिला कोणाशी तरी बोलायला हवे होते. रिकाम्या स्टँडवर लोकांचा ध्वनिमुद्रित आवाज सोडलेला असे. तो गुण होण्याआधीच किंचित चढे किंवा झाल्यावर किंचित उशिरा उतरे, आणि स्टॉलमध्ये उभे राहून आरोळीचा पोत ओळखायला शिकलेल्या या मुलीला ते पहिल्या पाच मिनिटांतच असह्य झाले. तिने आवाज बंद केला. त्यानंतर आम्ही सामने मुके पाहिले. ७ नोव्हेंबरला, बिग टेनमध्ये नसलेल्या आणि आपल्या काही विद्यार्थ्यांना सामन्याला आत घेणाऱ्या नोत्र दाम विद्यापीठाने अव्वल क्रमांकाच्या क्लेमसन विद्यापीठाला दुसऱ्या जादा वेळेत ४७–४० असे हरवले आणि तिथे हजर असलेली हजारो मुले मैदानात धावून गेली. ते दृश्य पाहताना माझ्या तोंडून “अरे देवा” निघाले आणि भाची मात्र पुढे सरकून बसली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि तिच्याहून मोठी अशी एक भूक होती. दोन दिवसांत त्या विद्यापीठाने सुट्टीला जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याची चाचणी सक्तीची केली. मुलांना बेजबाबदार म्हणणारे पुष्कळ भेटले. आठ महिने एकमेकांना हात न लावलेल्या वीस वर्षांच्या मुलांना अचानक आनंद दिला तर ती काय करतील याचा विचार त्यांना आत बोलावणाऱ्या मोठ्या माणसांनी आधी करायला हवा होता, असे मला वाटते.

पुढच्या मार्चमध्ये पुरुषांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा संपूर्णपणे इंडियाना राज्यात भरवली गेली. प्रत्येक संघासोबत पहिल्या पायरीवरची फक्त ३४ माणसे. शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाच्या संघाच्या धर्मगुरू सिस्टर जीन तेव्हा १०१ वर्षांच्या होत्या. त्यांचेही जाणे आधी अडले होते. त्या वृद्धेने हट्ट सोडला नाही, लस घेतली, आणि अखेर संघाच्या जवळ न जाण्याच्या अटीवर चाकाच्या खुर्चीतून सामने पाहिले. ती बातमी साऱ्या देशाने कौतुकाने वाचली, मीही वाचली. मात्र त्या ३४ मध्ये न बसलेल्या, वर्षभर पहाटे टॉवेल धुतलेल्या मॅनेजर पोरांच्या वतीने हट्ट धरायला कोणी नव्हते. टीव्हीवर दिसणारा चेहरा असला की अपवाद करता येतो, हे त्या मुलांच्या लक्षात आल्याशिवाय राहिले नसेल.

हिवाळ्यातल्या एका रात्री जेवताना मी भाचीला विचारले की तुला नेमका राग कशाचा आहे. तिने बराच वेळ विचार केला. म्हणाली, “मावशी, त्यांनी आम्हाला विचारले असते ना, की तुम्ही यंदा येऊ नये असे आम्हाला वाटते, तुमचे काय मत, तर आम्हीच नाही येत म्हटले असते. आम्हाला काय कळत नव्हते का? माझ्या मैत्रिणीची आजी हॉस्पिटलात होती. पण जे काम आपण आपणहून करतो, ते सोडायचे तरी आपणहून सोडू द्यायचे.” मी तिच्या ताटात भात वाढला आणि काही बोलले नाही, कारण तिच्या बोलण्यात मला खोडून काढण्यासारखे काही सापडले नाही.

जानेवारीत मात्र तीच दारे उघडली. ॲन आर्बरच्या स्टेडियममधल्या एका दालनात विद्यापीठाच्या रुग्णालयाने लसीकरण सुरू केले, कोलंबसमध्ये ओहायो स्टेटच्या बास्केटबॉलच्या सभागृहात लस देऊ लागले, आणि तसेच आमच्याकडेही झाले. क्रीडागृहांना रुंद दारे असतात, गाड्या लावायला जागा असते, रांगा वळवायची सवय असते. आणि रांगा वळवायला हात लागतात. भाचीच्या गटातल्या मुलींनी नावे नोंदवली. तिथे त्यांना ॲप्रनऐवजी फ्लोरोसेंट रंगाचे जाकीट मिळाले. लस घेतल्यावर माणसांना पंधरा मिनिटे बसवायचे, खुर्च्यांमध्ये सहा फुटांचे अंतर ठेवायचे, म्हाताऱ्यांना कोपरापाशी धरायचे की नाही हे त्यांच्याकडे बघून ठरवायचे. एका बाईंना लस घेतल्यावर रडू कोसळले, तेव्हा भाची त्यांच्यापासून सहा फूट दूर खुर्ची ओढून पंधरा मिनिटे नुसती बसून राहिली. ज्या मुलांना काही महिन्यांपूर्वी फार धोक्याची म्हणून बाहेर ठेवले, त्यांनाच खऱ्या धोक्याच्या जागी, आजारी आणि घाबरलेल्या माणसांच्या मध्ये, विनासंकोच उभे केले गेले. ती उभी राहिली. आठ-आठ तास राहिली. त्यात त्यांना अपमान वाटला नाही, उलट त्या वर्षात प्रथमच भाचीचा फोनवरचा आवाज मोकळा वाटला.

२०२१ च्या शरद ऋतूत स्टेडियम पुन्हा भरली. भाचीच्या गटालाही स्टॉल चालवायचे बोलावणे आले आणि तेव्हा एक नवीनच अडचण समोर उभी राहिली. चार वर्षांच्या पदवीत एक वर्ष म्हणजे पाव आयुष्य. ज्यांना काम येत होते त्यातल्या बऱ्याच जणी पदवी घेऊन गेल्या होत्या. दोन तुकड्या अशा होत्या की त्यांनी भरलेले स्टेडियम आतून कधी पाहिलेच नव्हते. चीजचे भांडे किती वाजता तापवायला ठेवायचे, दिवसाचा गल्ला कोणाच्या सहीने द्यायचा, मध्यंतराच्या आधी बन किती काढून ठेवायचे, गॅसच्या वासाची शंका आली तर कोणत्या माणसाला शोधायचे, यातले काहीच कुठे लिहिलेले नव्हते. ते एका मुलीने दुसरीच्या शेजारी उभे राहून शिकवलेले होते. बँडमधल्या एकाने तिला सांगितले की त्यांच्याकडेही तसेच झाले, निम्म्या मुलांना मैदानात शिरायच्या बोगद्यात कुठे थांबायचे हेच माहीत नव्हते. आपल्याकडे खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धांची पहिली खेप भुवनेश्वरला १ मार्च २०२० ला संपली आणि दुसरी बंगळुरूला भरली ती २४ एप्रिल २०२२ ला. आपली पदवी बहुधा तीन वर्षांची. त्या मधल्या काळात महाविद्यालयांच्या जिमखान्यांत काय काय तुटले असेल, फक्की कशी धरायची हे कोणी कोणाला दाखवले असेल, याचा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. खेळाडूंच्या बुडालेल्या हंगामाची भरपाई म्हणून एनसीएएने त्यांना खेळायला एक जादा वर्ष दिले. स्वयंसेवकांच्या वर्षाची भरपाई कोणी केली नाही, आणि ती कशी करायची हा प्रश्न कोणी विचारलाही नाही.

त्या सप्टेंबरात भाचीने आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आठवेल ते सगळे एका वहीत लिहून काढायला घेतले. पदवी घेऊन सिअ‍ॅटलला गेलेल्या एका जुन्या मुलीला फोन लावून तिने बनांचा हिशेब विचारला, दुसरीला गल्ल्याचा. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिने नव्या मुलींना आमच्याच घरी बोलावले, माझ्या चहाच्या किटलीला चीजचे भांडे समजून रांगेत कोणी कुठे उभे राहायचे ते दाखवले, आणि त्यातल्या एकीने जेव्हा विचारले की पुन्हा आपल्याला येऊ नका म्हणाले तर काय करायचे, तेव्हा तिने वहीच्या शेवटच्या पानावर विद्यापीठाच्या त्या विभागाला पाठवायच्या पत्राचा मसुदा लिहायला सुरुवात केली. त्यातली पहिली मागणी अशी होती की यापुढे स्वयंसेवकांविषयी असा निर्णय ज्या बैठकीत घेतला जाईल, त्या बैठकीत स्वयंसेवकांची एक खुर्ची असावी.